बंद जंगलाचे तीन महिने आणि ड्रेक बेचा पाऊस : आमची वाटचाल

ताडोबाचा कोअर झोन दरवर्षी 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद असतो. नागपुरात सफारीच्या बुकिंगवर चालणाऱ्या छोट्या संस्थेसाठी हे तीन महिने फार जड जातात. जिप्सीवाले शेतीकडे वळतात, मोहर्लीकडचे रिसॉर्ट रंगरंगोटी काढतात आणि धंतोलीतल्या आमच्या ऑफिसातला फोन शांत होतो. भाडं, पगार, विजेचं बिल मात्र थांबत नाही. यजमानांनी आणि मी हा व्यवसाय उभा केला तेव्हापासून एकच प्रश्न होता: पावसाळ्यात करायचं काय?

आधी कोकण करून पाहिलं. पण त्या दिवसांत तिथला समुद्रही बंदच. जून-जुलैत मासेमारीला मनाई, होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या, सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या बोटीही थांबलेल्या. विदर्भातल्या माणसाला आधीच समुद्राचं अप्रूप. त्याला तो नुसता लांबून दाखवून परत आणण्यात आमचं मन रमलं नाही.

वाट सापडली ती ग्राहकांच्या पासपोर्टांत. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी काका-काकूंची मुलं अमेरिकेत आहेत. उन्हाळ्यात नागपूर तापलं की ते तिकडे जातात आणि दिवाळीच्या आधी परततात. मुलगा-सून दिवसभर कामावर, नातवंडं शाळेत किंवा कॅम्पला. मग तिथूनच आम्हाला फोन यायचे: "इथून जवळ कुठे जाता येईल का गं?" माझी धाकटी नणंद ह्यूस्टनला असते. ती एकदा म्हणाली, "वहिनी, तुमचं जंगल बंद असतं ना, नेमके त्याच महिन्यांत कोस्टा रिकाला देवमासे येतात. आणि इथून विमानाने चार तास पण लागत नाहीत." अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयांना कोस्टा रिका या मध्य अमेरिकेतल्या देशाचा वेगळा व्हिसा सहसा लागत नाही. नियम बदलतात म्हणून प्रत्येक प्रवाशाची कागदपत्रं आम्ही दर वेळी नव्याने तपासतो, पण धंद्याची दिशा त्या एका फोनने ठरली.

कोस्टा रिकाच्या नैऋत्य टोकाला ओसा द्वीपकल्प आहे आणि त्याच्या उत्तर कडेला ड्रेक बे हा उपसागर. राजधानी सान होसेहून दक्षिणेला सिएर्पे नावाच्या गावापर्यंत गाडी जाते. तिथून पुढे बोट. एकूण तासाभराहून थोडा जास्त प्रवास. आधी नदीतून, दोन्ही काठांना खारफुटीचं घनदाट जंगल, आणि मग नदीचं मुख. इथे नदीचं पाणी आणि प्रशांत महासागराची लाट समोरासमोर येतात. बोटवाला भरतीची वेळ बघतो, लाटांमधली फट हेरतो आणि मगच बोट बाहेर काढतो. पलीकडे धक्का नाही. चप्पल हातात घेऊन गुडघाभर पाण्यात उतरायचं आणि चालत किनारा गाठायचा. खडीचा एक रस्ताही आहे, पण पावसात वाटेतल्या नद्या चढतात, म्हणून ज्येष्ठांना आम्ही त्या रस्त्याने नेत नाही.

आणि पाऊस! नागपुरात वर्षाला साधारण 1,100 मिलिमीटर पडतो. ओसाच्या काही भागांत त्याच्या चौपट-पाचपट. मे ते नोव्हेंबर तिथला पावसाळा. पण त्याची एक रीत आहे, ती समजली की भीती जाते. बहुतेक दिवशी सकाळ उघडी असते, दुपारनंतर ढग उतरतात आणि मग तो कोसळतो. म्हणून बोटी सकाळी निघतात आणि दुपारी सगळे लॉजच्या पडवीत. समोर जंगल भिजत असतं, झाडावर लाल मकाव पोपटांची जोडी ओरडत असते, कुणी पत्ते काढतं, कुणी नुसतं बघत बसतं. संसाराच्या धबडग्यात ज्यांना पाऊस कधी निवांत बघता आला नाही, त्यांना ही दुपार किती हवीशी वाटते ते मी दर मोसमात पाहते. माहितीपत्रकात आम्ही सूर्यास्ताचा फोटो छापत नाही. पावसाचाच छापतो.

आता देवमाशांविषयी. हे हंपबॅक जातीचे. जुलै ते ऑक्टोबरमध्ये इथे दिसतात ते दक्षिण गोलार्धातले. अंटार्क्टिकाच्या थंड पाण्यात क्रिल नावाच्या कोळंबीसारख्या छोट्या जीवांवर पोसलेले हे जीव 8,000 किलोमीटरहून जास्त अंतर कापून विषुववृत्त ओलांडतात आणि या कोमट पाण्यात विणीसाठी येतात. जन्मतः पिल्लू चार मीटरहून लांब आणि जवळपास एक टन वजनाचं. आई इथे असेपर्यंत जवळजवळ काहीच खात नाही. अंगावरच्या चरबीवर स्वतः जगते आणि पिल्लाला दूधही पाजते. डिसेंबर ते मार्च याच किनाऱ्यावर उत्तर गोलार्धातले हंपबॅक येतात, पण ते आमच्या ताडोबाच्या भर हंगामाचे महिने.

ताडोबात आम्ही एक गोष्ट शिकलो होतो: साइटिंगची, म्हणजे प्राणी दिसण्याची, हमी द्यायची नाही. वाघ दिसलाच पाहिजे या हट्टापायी जिप्सींची कशी गर्दी होते आणि त्या जनावराची वाट कशी अडते, ते आम्ही वर्षानुवर्षं बघत आलो. म्हणून तिथल्या एका बोटवाल्याने "शंभर टक्के दाखवतो" म्हटलं, तेव्हा आम्ही त्याच्याशी काम केलं नाही. आमचे कॅप्टन देवमाशापासून शंभर मीटर अंतर ठेवतात, समोरून आडवे जात नाहीत, पिल्लू असेल तर इंजिन अगदी हळू करतात. तिथल्या कायद्यात देवमाशांसोबत पोहायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. एखाद्या गटाला दूरवरचा फवारा आणि पाठीची एक कमान एवढंच मिळतं. बुकिंगच्या वेळी हे स्पष्ट सांगितलेलं असतं, त्यामुळे परतताना कुरबुर होत नाही.

काही बोटींवर हायड्रोफोन असतो, म्हणजे पाण्यात सोडायचा माइक. नागपूरच्या महाल भागातल्या एक निवृत्त संगीत शिक्षिका आमच्यासोबत होत्या. रिमझिम चालू होती, पाण्यावर काहीच हालचाल नव्हती, आणि स्पीकरमधून नराचं गाणं येऊ लागलं. गातात ते नरच, आणि एका भागातले सगळे नर साधारण तेच गाणं म्हणतात. काकू डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिल्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, "बेटा, मुखडा परत आला बघ." हंपबॅकच्या गाण्यात ठरलेल्या ओळी पुन्हा पुन्हा येतात हे शास्त्रज्ञांनी नोंदवलेलं आहे, काकूंना ते कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी आम्हाला एकही देवमासा दिसला नाही. तरी त्यांनी पुढे स्वतःच्या बहिणीला आमच्याकडे पाठवलं.

जेवणाची काळजी नागपूरकर सगळ्यात आधी करतात. तिथला रोजचा नाश्ता गाय्यो पिंतो, म्हणजे काळ्या घेवड्याच्या दाण्यांसोबत परतलेला भात. जोडीला तळलेली मोठी केळी. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. तिखटाची सोय मात्र आम्ही इथूनच करतो. जवसाची चटणी प्रत्येक गटासोबत जाते.

2020 मध्ये सगळंच थांबलं. ज्यांचे पैसे आमच्याकडे होते त्यांना ते परत केले, त्यासाठी यजमानांनी गाडी विकली. पुन्हा सुरुवात केली तेव्हा आमच्याकडे परत येणारे पहिले लोक तेच होते.

आज काम असं चालतं: नणंद ह्यूस्टनहून गट घेऊन निघते, मोसमातल्या एखाद्या गटासोबत मी असते, आणि नागपूरचं ऑफिस यजमान सांभाळतात. तिथे सकाळचे सहा वाजतात तेव्हा इथे संध्याकाळचे साडेपाच. कॅप्टन समुद्र बघून निरोप पाठवतो, आणि बोट निघाली की नाही हे यजमान त्याच संध्याकाळी प्रत्येकाच्या नागपुरातल्या घरी कळवतात.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना आम्ही ड्रेक बे ऐवजी कोस्टा रिकातल्याच उविता गावी नेतो. तिथे थेट गाडी जाते, चांगला रस्ता आहे, आणि ओहोटीला देवमाशाच्या शेपटीसारखी वाळूची पट्टी उघडी पडते. हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांचं पत्र मागतो, कारण ड्रेक बेपासून मोठं हॉस्पिटल दूर आहे. प्रवास विमा सगळ्यांनाच सक्तीचा. ऑक्टोबरमध्ये तिकडे पाऊस सर्वात जास्त असतो, म्हणून शेवटचा गट सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात परत येतो. 1 ऑक्टोबरला ताडोबाची दारं उघडतात, आणि त्या सकाळच्या पहिल्या फेरीला आमच्या जिप्सी मोहर्लीच्या गेटवर लागलेल्या असतात.