तुम्ही विचारलंत म्हणून: महायुद्धाचा पहिला तास चीनमध्ये का?

बी.एड.च्या इंटर्नशिपला येणाऱ्या पोरी, नवीन लागलेले शिक्षक, कधीकधी एखादे पालकसुद्धा, फिरून फिरून हेच विचारतात की मॅडम, दुसरं महायुद्ध तुम्ही हिटलरपासून का सुरू करत नाही, पोरांना तर तोच आवडतो, आणि एवढा अवाढव्य घटक आठ-नऊ तासांत बसवता तरी कसा. स्टाफरूममध्ये चहा पिता पिता तुकड्यातुकड्यांनी सांगून झालंय, आज एकदाच सगळं लिहिते.

पोरांना तोच आवडतो ना, तिथंच तर घोळ आहे. हिटलरपासून सुरू केलं की अख्खा घटक त्याचा होऊन जातो, मग बाकीचं जग म्हणजे त्याच्या पिक्चरमधली साइड कॅरेक्टरं. म्हणून माझ्या टाचणात, म्हणजे पाठाच्या आराखड्यात, पहिल्या तासाला १९३९ नाहीच, १९३७ आहे. त्या वर्षी ७ जुलैला बीजिंगजवळच्या मार्को पोलो पुलावर चकमक झाली आणि जपान-चीन युद्ध पेटलं, म्हणजे पोलंडवर हल्ला व्हायच्या दोन वर्षं आधी आशियात माणसं हजारोंनी मरत होती. आणि त्या युद्धात आपल्या सोलापूरचा एक माणूस गेला होता, ज्याच्या स्मारकावरून, भैय्या चौकातून, माझ्या वर्गातली निम्मी पोरं रोज शाळेला येतात.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस. नाव सगळ्यांना माहीत, पुढचं कुणालाच नाही. जन्म १९१० चा, सोलापूरचा. १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं त्यात हे, तिथं चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या रूट आर्मीच्या जखमींवर उपचार केले, बेथ्यून या कॅनडियन डॉक्टरांच्या नावाच्या हॉस्पिटलचे प्रमुख झाले, नर्स असलेल्या ग्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं, मुलाचं नाव यिनहुआ, म्हणजे भारत-चीन, आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच वारले. वय ३२. एवढं सांगून झालं की मागच्या बाकावरून हमखास येतं, "पण चीन तर आपला दुश्मन ना मॅडम, तिकडं कशाला गेलते?" मला हाच प्रश्न हवा असतो. १९६२ अजून वीस-पंचवीस वर्षं लांब होतं हे पोरांना कळायला अर्धा तास जातो, जाऊ दे, तो अर्धा तास वाया गेला असं मला कधी वाटत नाही, कारण इतिहासात मागं जाऊन उभं राहायचं आणि पुढचं विसरायचं ही सवय एकदा लागली की बाकीचा घटक सोपा जातो.

दुसऱ्या तासाला मागं सरकते, पहिल्या महायुद्धाकडे, पण फार रेंगाळत नाही. फळ्यावर १९१९ च्या दोनच तारखा लिहिते, १३ एप्रिलला जालियनवाला आणि २८ जूनला व्हर्सायचा तह, ज्यावर भारताच्या वतीनं बिकानेरच्या महाराजांनी सही केलीय. लाखो भारतीय सैनिक ज्यांच्यासाठी लढले त्यांनीच इथं गोळ्या घातल्या. मग पोरं आपणहून सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर येतात, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, १२ जानेवारी १९३१ ला फाशी. त्यांचा पुतळा रोज बघतो आपण, पण ती तारीख दोन युद्धांच्या मधल्या काळातली आहे हे टाइमलाइन काढल्याशिवाय डोक्यात येत नाही.

हिटलर येतो तिसऱ्या तासाला. आणि आला की लगेच, "मॅडम, माणूस लई कडक होता, शिस्त होती बे त्याच्याकडं", हे बे शेजारच्याला, मला नाही. या पोरांना रागवून उपयोग नसतो, त्याचं आत्मचरित्र फुटपाथवर मराठीत मिळतं आणि काकाच्या कपाटात असतं. मी त्याच पुस्तकातलं सांगते, की भारत दुसऱ्या कुणापेक्षा इंग्रजांच्याच राज्याखाली असलेला मला बरा वाटेल असं त्यानं लिहून ठेवलंय. वर्ग गप्प. सुभाषबाबूंनी १९४२ च्या भेटीत त्याच्याकडे या लिखाणाचा विषय काढला होता, त्यानं टाळला. मग आकड्यांकडे येते. मारलेले ज्यू सुमारे ६० लाख. आपल्या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाख, म्हणजे सहा सोलापूर, पुरी माणसं, तान्ह्या पोरांसकट. "शिस्तीत" मारली, याद्या करून, रेल्वेची टाइमटेबलं लावून. शिस्त हा शब्द मी तेव्हाच वापरते, पुढे कुणी तो कौतुकानं वापरत नाही, निदान माझ्यासमोर तरी.

लढाया मी कमी घेते. स्टालिनग्राड नकाशासकट घेते, कारण सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं गेली हे कळल्याशिवाय युद्ध कुणी जिंकलं या वादाला अर्थ नाही. बाकी रणगाड्यांची नावं पोरं यूट्यूबवरून माझ्यापेक्षा जास्त जाणतात, त्यांना सांगू देते.

खरा वेळ जातो तो पुढच्या दोन तासांत. व्हाइसरॉय लिनलिथगोनं ३ सप्टेंबर १९३९ ला कुणालाही न विचारता भारताला युद्धात ओढलं, तिथून पुढे इथल्या माणसानं काय करायचं? माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १९४४ च्या जुलैमध्ये इटलीत ब्रिटिशांच्या फौजेतून लढता लढता मेले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच काळात साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार इंग्रजांविरुद्ध चालू होतं, आणि इम्फाळकडे आझाद हिंद सेनेतले आपलेच सैनिक समोर होते. बंगालात १९४३ च्या दुष्काळात सुमारे ३० लाख लोक गेले. वर्गाचे गट पाडते आणि प्रत्येकाला एक बाजू देते, निवडू देत नाही. ज्याला आवडत नाही ती बाजू त्याच्याच गळ्यात. एका वर्षी एवढा गोंधळ झाला की शेजारच्या वर्गावरचे सर बघायला आले.

मग घरचं काम. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, या सोलापूरच्या कापड गिरण्या, पण पोरांना ही नावं फक्त स्टॉप म्हणून माहीत आहेत. युद्धात देशभरच्या गिरण्यांना लष्करी कापडाच्या ऑर्डरी होत्या, हातमागवाल्यांना मात्र सूत मिळेना, १९४३ ला कापडावर आणि सुतावर कंट्रोल आला. पूर्व भागातल्या, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या, पोरांना म्हणते, घरी तेलुगूत विचारा, पणजोबा काय विणायचे. येतात तेव्हा निम्मी पोरं रेशनच्या लाल ज्वारीची, म्हणजे मिलोची, गोष्ट घेऊन येतात, आजी म्हणाली युद्धात मिलो खाल्ला. मिलो नंतरचा, अमेरिकेच्या धान्याचा. म्हणून एक तास फक्त यावर, आजीचं वय काढा, सालं जुळवा, आठवण खरी पण साल चुकीचं असू शकतं हे शिका. परीक्षेत याला मार्क नाहीत आणि तरी मी हा तास कापत नाही, हिरोशिमाचा वाद हवा तर पुढच्या घटकात ढकलते.

टाचण मागता, जरूर घ्या, फोटो काढून पाठवते. फक्त पहिला तास तुमच्या गावाचा करा. कोल्हापूरकरांनी जवळच्या वळिवडे गावच्या छावणीपासून सुरू करावं, १९४३ पासून पाच वर्षं तिथं सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. मुंबईवाल्यांना गोदीतला स्फोट आहे, १४ एप्रिल १९४४, फोर्ट स्टिकाईन नावाच्या एकाच जहाजात स्फोटकं आणि कापसाचे गठ्ठे भरलेले. बाकीच्यांनी गावात चौकशी करा, काही गावांत जुन्या वेशीवर किंवा चावडीवर महायुद्धाला गेलेल्या माणसांची पाटी असते, काही ठिकाणी रंगाखाली गेलेली, आधी ती वाचा आणि मग हिटलरच्या पानाकडे या.