आधी परीक्षानळी, मग टाचण: सोलापुरातली रसायनशास्त्राची आंतरवासिता

बी.एड.च्या दोन वर्षांत आंतरवासिता म्हणून शाळेत २० आठवडे काढायचे असतात, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. पहिले चार आठवडे बहुतेक निरीक्षणातच जातात. खरं काम त्या सोळांत. सूक्ष्म अध्यापनाचे सहा-सहा मिनिटांचे पाठ आपण सहाध्यायांसमोर घेतलेले असतात आणि ते ठरल्याप्रमाणे बरोबर उत्तरं देतात. परीक्षानळी मात्र तेवढी समजूतदार नसते. म्हणून मी टाचण, म्हणजे पाठाचं लेखी नियोजन, प्रयोग करून झाल्यावरच लिहायला बसायचे, आदल्या दिवशी, शाळेतल्याच रसायनांनी आणि शाळेतल्याच पाण्याने.

पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांना भेटून वेळापत्रक घ्या आणि विषयशिक्षकांना दोनच गोष्टी विचारा: कोणतं प्रकरण कुठवर आलंय, आणि प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते. दहावीचं ‘रासायनिक अभिक्रिया व समीकरणे’ सत्राच्या सुरुवातीलाच शिकवून होतं, त्यामुळे उशिरा गेलात तर ते मिळत नाही. मग ‘धातुविज्ञान’ किंवा ‘कार्बनी संयुगे’ मागावं, नाहीतर नववीचं ‘आम्ल, आम्लारी व क्षार’. दिवाळीनंतर दहावीचे तास कोणी सहजासहजी सोडत नाही. संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, तिला लागूनच पूर्वपरीक्षा. नववीचे तास त्यामानाने सुखाने मिळतात, आणि माझ्या मते नवशिक्या शिक्षकाला नववीच बरी.

कपाट उघडलं की लेबलवर विसंबू नका. फेरस सल्फेटचे स्फटिक हिरवट हवेत. पिवळट-तपकिरी झाले असतील तर हवेने त्यांचं ऑक्सिडीकरण झालंय. सोडियम हायड्रॉक्साइडच्या बरणीत ओला गोळा झाला असेल तर द्रावणाची तीव्रता कशीच धरता येत नाही. कळीचा चुना दमट हवेत आपोआप विरतो. मग उष्मादायी अभिक्रिया दाखवायला बीकरमध्ये पाणी ओतलं तरी काच गार ती गारच. बाजारातून घट्ट खडे आणा, दोन खडे पुरतात. शिंतोडा डोळ्यात जाऊ नये म्हणून मुलांना दोन हात लांब उभं करा. मॅग्नेशियमची फीत काळपट असली तर पेटत नाही. पॉलिश पेपरने घासून चकचकीत करायची, दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा चिमट्यात धरायचा आणि ‘ज्योतीकडे टक लावून बघू नका’ हे पेटवायच्या आधीच सांगायचं.

आता पाणी. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. मधल्या दिवसांत शाळेच्या टाकीत बोअरचं असतं, आणि ते जड. सिल्व्हर नायट्रेट आणि मिठाच्या द्रावणाची दुहेरी विस्थापन अभिक्रिया दाखवायची तर आधी नुसत्या नळाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकून बघा. पाणी तिथेच पांढुरकं होतं, कारण त्यात क्लोराइड आधीच आहे. वर्गात हे घडलं तर मीठ घालायच्या आधीच अवक्षेप (न विरघळणारा साका) तयार, आणि पहिल्या बाकावरचा कोणीतरी ‘मॅडम, मीठ तर अजून टाकलंच नाही’ म्हणणारच. यावर उपाय सोपा आहे. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं, एक कॅन महिनाभर पुरतो. सिल्व्हर नायट्रेट महाग असतं, तेव्हा २० मिलिलिटरच करा, ०.३४ ग्रॅम घालून. तपकिरी बाटलीत ठेवा. बोटाला लागलं तर काळे डाग चार दिवस जात नाहीत.

मोरचूद (कॉपर सल्फेट) अशा जड पाण्यात विरघळवलं तर द्रावण निवळ होत नाही, फिकट निळसर गढूळ दिसतं. पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे तांब्याचं अविद्राव्य कार्बोनेट तयार होतं. विरल सल्फ्युरिक आम्लाचे एक-दोन थेंब टाकले की निवळतं. १०० मिलिलिटरला १० ग्रॅम मोरचूद घेतलं तर रंग मागच्या बाकापर्यंत दिसतो.

या मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा बुडवायच्या प्रयोगात चूक वेळेची होते. तास ३५ मिनिटांचा आणि द्रावणाचा रंग नजरेत भरेल इतका फिका पडायला १५ ते २० मिनिटं लागतात. प्रस्तावना, हेतुकथन, विवेचन करून खिळा बुडवला की घंटा होते. मी हजेरी घेता-घेता खिळा सोडायचे आणि शेजारी त्याच द्रावणाची खिळा नसलेली नळी ठेवायचे, कारण रंग फिका झाला हे तुलनेशिवाय ठरत नाही. खिळा हार्डवेअरच्या दुकानातून घेताना जस्ताचा मुलामा नसलेला मागा. मुलामा असला तर अभिक्रिया जस्ताशी होते, तांब्याचा तांबूस थर तरीही बसतो, आणि फळ्यावर लिहिलेलं लोहाचं समीकरण खोटं ठरतं. बाहेरून काही कळत नाही, हीच गोम.

विरल हायड्रोक्लोरिक आम्ल करताना पाच भाग पाण्यात एक भाग संहत आम्ल, आम्ल पाण्यात, सावकाश. संडास साफ करायचं पिवळं ॲसिड आणू नका, त्याची तीव्रता ठरलेली नसते आणि लोहामुळे रंगही येतो. जस्ताचे दाणे आम्लात मुकाट बसून राहिले तर मोरचुदाचे दोन थेंब टाका, बुडबुडे लगेच वाढतात. निघणाऱ्या हायड्रोजनला ज्योत दाखवताना पंखा बंद हवा, स्पिरिटच्या दिव्यालाही तेच. फेब्रुवारीच्या उकाड्यात पंखा बंद केला की साठ मुलं कुरकुरतात, म्हणून ‘दोनच मिनिटं’ असं सांगायचं आणि ते पाळायचं.

भाषेचा गुंता वेगळाच. पूर्व भागातल्या विणकर घरांतली मुलं घरी तेलुगू बोलतात, काही घरांत कन्नड, वर्ग मराठी आणि विज्ञान सेमी-इंग्रजीत. त्यामुळे ‘क्षपण’ आणि ‘रिडक्शन’ हे दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी-शेजारी लागतात. सगळ्यात फसवा शब्द ‘क्षार’. घरात ‘पाण्यात क्षार आहेत’ म्हणजे हंड्याच्या बुडाला बसणारा पांढरा थर, पुस्तकात क्षार म्हणजे आम्ल व आम्लारी यांच्यापासून मिळणारं संयुग. मुलं या दोन गोष्टी वेगवेगळ्या धरतात, शिक्षकही तशाच सोडून देतात. मी उलट तो थरच वर्गात आणायचे. तो बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे पुस्तकी अर्थानेही क्षारच. चमचाभर खरवडून परीक्षानळीत टाका, वरून ५ मिलिलिटर विरल आम्ल, तोंडाला नळी असलेलं बूच, नळीचं टोक चुन्याच्या निवळीत. फसफसून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि निवळी दुधाळ होते. निवळी पानपट्टीच्या चुन्याचीही चालते: लिटरभर पाण्यात दोन चमचे, रात्रभर ठेवून वरचं निवळ पाणी काढायचं, बाटली काठोकाठ भरून बूच घट्ट. वायू जास्त वेळ सोडला तर दुधाळपणा परत जातो. तिथे थांबू नका, तेच कार्बोनेट बायकार्बोनेट होऊन पाण्यात विरघळतं आणि हंडा तापला की पुन्हा थर बनून बसतं. वर्तुळ पूर्ण होतं.

टाचण याच्यानंतर. ‘विद्यार्थी कृती’च्या रकान्यात ‘विद्यार्थी निरीक्षण करतात’ एवढंच लिहिलं की मार्गदर्शक लाल शाईने गोल करतात, आणि बरोबर करतात. ‘नळी अ मधला निळा रंग नळी ब पेक्षा फिका दिसतो’ असं लिहायला प्रयोग केलेला असावा लागतो. समीकरण संतुलित करताना मुलं सहगुणकाऐवजी रेणुसूत्रातला आकडा बदलतात आणि पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करून टाकतात. फळ्याचा उजवा तिसरा भाग रिकामा ठेवून हीच चूक तिथे मुद्दाम लिहा आणि मुलांना पकडू द्या.

घटक चाचणी, तिचा संविधान तक्ता (प्रश्न आणि गुणांच्या विभागणीचा आराखडा), तपासलेल्या उत्तरपत्रिका, निरीक्षण वही हे सगळं त्या-त्या आठवड्यात मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानिशी उरकून घ्या. शेवटच्या दिवशी ते केंद्राच्या बैठकीला गेलेले असतात. आणि सिल्व्हर नायट्रेटची उरलेली बाटली बेसिनमध्ये न ओतता लेबलवर तारीख घालून कपाटात ठेवा, पुढच्या तुकडीला लागते.