वीज जुलैच्या हिशोबाने, पाणी मे महिन्याच्या

भोर तालुक्यातल्या आमच्या खोपटाचं वीज-पाणी यंदा बरंचसं मार्गी लागलं. सगळ्यात जवळचा विजेचा खांब ओढ्यापलीकडे आहे आणि तो तिथेच राहणार आहे.

सह्याद्रीच्या या पट्ट्यात विजेचा आणि पाण्याचा दुष्काळ उलट्या ऋतूंत पडतो. मे महिन्यात ऊन रग्गड, पण झऱ्याला करंगळीएवढी धार. जुलैत पत्र्यावरून पाणी कोसळतं आणि सूर्य मात्र दिवसेंदिवस गायब. सगळी मांडणी यावरूनच ठरली.

330 वॉटची दोन सौर पॅनल सीरीजमध्ये (एकापुढे एक जोडून, म्हणजे व्होल्टेजची बेरीज होते), 25.6 व्होल्ट (म्हणजे बोलीभाषेत 24 व्होल्ट) 100 अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी, म्हणजे साधारण अडीच युनिटचा (अडीच हजार वॉट-तासांचा) साठा. पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा एमपीपीटी कंट्रोलर 150 व्होल्टपर्यंत झेपणारा घेतला. दोन पॅनलचा ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही न जोडलेलं असतानाचा) नव्वदीत जातो आणि थंडीतल्या सकाळी आणखी चढतो, त्यामुळे 100 चा कंट्रोलर फारच काठावर आला असता. स्वच्छ उन्हात दिवसाला अडीच युनिट सहज मिळतात, दाट ढगांत त्याचा दहावा हिस्सा धरायचा. पण जुलैत पंखा लागतो कुणाला? दिवे आणि मोबाइल मिळून पावणेदोनशे वॉट-तासांत भागतं.

खरा चोर इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीच्या डीसी विजेची घरगुती एसी वीज करणारा डबा. काहीही न चालवता तो 10-15 वॉट खातो, म्हणजे दिवसाला तीनशे वॉट-तासांच्या आसपास. दिव्यांपेक्षा जास्त! म्हणून दिवे, पंखा, चार्जिंग सगळं थेट डीसीवर आहे आणि इन्व्हर्टर मिक्सरपुरता. एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारे स्विच) डीसीचेच लावा. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही.

पॅनल छपरावर नाहीत, अंगणात अँगलवर आहेत. वाडीतले तात्या म्हणाले, "पत्र्यावर नगा ठेवू, आखाडाचा वारा पत्रं बी सोडत न्हाई." पुसायलाही सोपं जातं. कल 15 अंशांचा ठेवलाय. ढगाळ उजेडाला आडवं पॅनल बरं, पण अगदी आडवं ठेवलं तर कडेला शेवाळ धरतं.

झरा घराच्या 12 मीटर खाली. पाणी वर ओढून घ्यायचं तर साधा पंप 6-7 मीटरच्या पुढे दमतो, म्हणून पंप खाली ठेवून पाणी वर ढकलतो. रात्रभर सिमेंटच्या रिंगमध्ये साठलेलं पाणी दुपारी, बॅटरी भरल्यावर, वरच्या टाकीत चढतं. पंप 120 वॉटचा, केबल 4 स्क्वेअर एमएमची, अंतर 20 मीटर. 12 व्होल्टवर यात जवळजवळ 2 व्होल्ट वाटेतच गेले असते. 24 वर एकाच्या आत जातात. 24 ची सिस्टिम घेतली ती मुख्यतः यासाठी.

पावसाळ्यात पंप बंद. पत्रा 30 चौरस मीटर, म्हणजे 10 मिलिमीटर पावसात पन्हळीतून तीनशे लिटरपर्यंत पाणी. सरीचं पहिलं पाणी बाजूच्या उभ्या पाइपात जातं, मग टाकीत. टाकी तीन मीटरवर असल्याने दाब जेमतेम 0.3 बार, त्यामुळे शॉवर विसरायचा. पाइप एक इंची आणि बॉल व्हॉल्व्ह फुल बोअरचे (आतलं भोक पाइपाएवढंच असलेले) घातले की बादली मात्र झटपट भरते.

आंघोळीला बंब आहे, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

संडासाचे दोन शोषखड्डे दिवाळीनंतर, मुरूम वाळला की. जागा झऱ्याच्या उताराला नाही, दुसऱ्या अंगाला धरलीय. तिथे किती खोलीवर कातळ लागतो ते पहार मारल्यावर कळेल.