परवान्यावरचा 'ए', पोर्तुगालचा एन-२ आणि मागे बांधलेला तंबू

आधी कामाचं सांगते. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना, म्हणजे परदेशात गाडी चालवायला लागणारी पुस्तिका, हातात पडली की तिथेच, खिडकीसमोर उभं राहून फोटोचं पान उघडा आणि 'ए' या अक्षरापुढे शिक्का आहे का ते बघा. 'ए' म्हणजे मोटरसायकल, 'बी' म्हणजे मोटार. 'ए' नसेल तर परदेशात भाड्याची बाईक मिळत नाही, आणि समजा कुणी दिलीच तर काही झाल्यावर विमा कंपनी हात वर करते. मला मिळालेल्या पुस्तिकेवर आधी फक्त 'बी' होता. ते सगळं प्रकरण आठवलं की अजूनही माझं डोकं तापतं, म्हणून हे लिहायला बसले.

बेत असा होता. पोर्तुगालमधल्या पोर्तू शहरात बाईक भाड्याने घ्यायची, उत्तरेला शाव्हेशपर्यंत जायचं आणि तिथून एन-२ या रस्त्याने थेट दक्षिणेला फारोपर्यंत उतरायचं. ७३९ किलोमीटरचा हा रस्ता समुद्रकिनाऱ्याला न जाता देशाच्या ऐन मधून जातो. द्राक्षांचे डोंगर, पाइन आणि नीलगिरीची जंगलं, मग आलेंतेजूचं उघडं माळरान, आणि शेवटी फारोच्या आधी पुन्हा डोंगरातली वळणं. परतताना स्पेनच्या एक्स्त्रेमादुरातून वर यायचं. मुक्काम तंबूत. सोबत कोणी नाही. घरी आईने पहिल्या दिवशी विरोध केला आणि दुसऱ्या दिवशी मेतकूट-भाताची पाकिटं किती लागतील ते विचारलं, त्यामुळे घरचा प्रश्न मिटला.

व्हिसाचं फारसं सांगण्यासारखं नाही. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाला, प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा मागतात, त्यामुळे तंबूवाल्यांचं कसं होणार याची मला धास्ती होती. पण कॅम्पिंगच्या जागांना ईमेल केले तर बहुतेकांनी नाव, तारखा आणि पासपोर्ट क्रमांक घालून उत्तर पाठवलं. त्याच्या प्रिंट, दिवसवार तक्ता आणि ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा एवढ्यावर काम झालं. व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. विमा घेताना दुचाकीबद्दलचं कलम नीट वाचा. काही पॉलिसींत ठरावीक सीसीच्या वरच्या बाईकवर झालेली दुखापत धरतच नाहीत. मी ती पॉलिसी सोडून दुसरी घेतली.

आता आरटीओ.

बाईक देणाऱ्यांनी आधीच कळवलं होतं की परवान्याची स्कॅन प्रत आल्याशिवाय बुकिंग पक्कं होणार नाही. आणि व्हिसाला अर्ज केला की पासपोर्ट काही आठवडे तिकडे अडकतो. म्हणजे सरळ मार्ग एकच: आधी आंतरराष्ट्रीय परवाना काढायचा, मग पासपोर्ट व्हिसाला द्यायचा. नियमही तेच सांगतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ७ जानेवारी २०२१ च्या अधिसूचनेने या परवान्यासाठी व्हिसा आणि वैद्यकीय प्रमाणपत्र या दोन्ही अटी काढून टाकल्या. कारणही दिलं होतं: काही देशांचा व्हिसा अगदी शेवटच्या क्षणी मिळतो, काहींचा तिथे उतरल्यावर, आणि ज्याच्याकडे वैध परवाना आहे त्याला पुन्हा डॉक्टरचा कागद कशाला? इतकं स्पष्ट आहे.

मी सारथी पोर्टलवर अर्ज भरला, १,००० रुपये फी भरली, फॉर्म ४ए ची (म्हणजे या परवान्याच्या अर्जाची) प्रत, पासपोर्ट, मूळ परवाना, फोटो असं सगळं घेऊन आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या कार्यालयात गेले. खिडकीवरच्या बाबूंनी पासपोर्ट चाळला, मागून पुढे, पुढून मागे.

"व्हिसा कुठंय?"

"साहेब, व्हिसा लागत नाही आता. २०२१ ला अट काढलीय."

"कोणी सांगितलं? व्हिसा लावून आणा. आणि मेडिकल."

मी अधिसूचनेची प्रिंट काढून दिली. त्यांनी ती हातात न घेताच सांगितलं, "हे आमच्याकडे आलेलं नाही." नियम येऊन इतकी वर्षं झाली आणि तो आमच्याकडे आलेला नाही! मी वरच्या साहेबांना भेटायचं म्हटलं तर साहेब दौऱ्यावर. पुढच्या वेळी गेले तर साहेब मीटिंगमध्ये. फाटकाबाहेरचा एजंट तेवढ्यात मागे लागला, "ताई, कशाला चकरा मारताय, माझ्याकडे द्या, परवा घरपोच." त्याला कसा घरपोच मिळतो, हा प्रश्न मी त्याला विचारला. तो हसला. मी एजंटाकडून काम करून घ्यायचं नाही हे घरातूनच ठरवून निघाले होते आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. ज्याची फी सरकारच्या खात्यात भरली, ते काम सरकारी खिडकीवरच झालं पाहिजे.

तोपर्यंत व्हिसाची तारीख आली. पासपोर्ट द्यावाच लागला. बाईकवाल्यांना ईमेल करून मुदत वाढवून घेतली. त्यांनी वाढवली, पण पुढे शक्य नाही असंही लिहिलं. मे महिन्याच्या अखेरीला पेट्या लावलेल्या मध्यम आकाराच्या गाड्या पटापट जातात. पासपोर्ट व्हिसासकट परत आला तेव्हा विमान अगदी तोंडावर आलं होतं.

पुन्हा खिडकी. आता व्हिसा होता, तर अडलं मेडिकलवर. मी शांतपणे एक कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हटलं, "ठीक आहे. मेडिकल नाही म्हणून अर्ज नाकारला, एवढं लिहून सही-शिक्का करून द्या. खाली नियमाचा क्रमांक टाका." तिथल्याच भिंतीवर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ चा (सरकारी सेवा वेळेत मिळण्याचा हक्क देणाऱ्या कायद्याचा) बोर्ड होता, त्याच्याकडेही बोट दाखवलं. ही युक्ती मनात कोरून ठेवा. तोंडी नकार कितीही वेळा मिळतो, लेखी नकार द्यायला कोणी धजत नाही. पाच मिनिटांत, इतके दिवस न भेटलेले साहेब भेटले. त्यांनी अधिसूचना वाचली, दोनदा वाचली, आणि "मेडिकल नको, घ्या करून" असं म्हणून सही केली. माणूस सज्जन होता. त्यांच्यापर्यंत पोचायलाच एवढा वेळ गेला.

पुस्तिका संध्याकाळी मिळाली. मी पायऱ्यांवरच उघडून पाहिली. 'बी'पुढे गोल शिक्का. 'ए'ची जागा कोरी.

परत वर. खिडकी बंद होत होती.

"दादा, यात मोटरसायकलचा शिक्का राहिलाय."

"मॅडम, तिकडे तुम्हाला बाईक कशाला? गाडीचं दिलंय ना. स्कूटीला तिकडे लागत नाही."

माझ्या परवान्यावर गिअरवाल्या मोटरसायकलचा वर्ग कित्येक वर्षांपासून आहे. फॉर्ममध्येही तो लिहिला होता. समोरच्या माणसाने बाई पाहिली, आणि कागद न पाहताच ठरवून टाकलं. वर म्हणाला की 'ए' हवा असेल तर नवा अर्ज आणि नवी फी. इथे मात्र माझा आवाज चढला. चूक कार्यालयाची, फी मी का भरू? मी खिडकीतून हललेच नाही. मागच्या रांगेतले एक ट्रॅक्टरवाले काका पुढे होऊन म्हणाले, "अहो, फॉर्म तरी बघा तिचा." फॉर्म निघाला. त्यावर वर्ग दिसत होता. मग ड्रॉवर उघडला, शाईचं पॅड निघालं, शिक्का एकदा पॅडवर, एकदा 'ए'पुढे. शेजारी साहेबांची छोटी सही. एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

पोर्तूच्या दुकानातल्या मुलाने पुस्तिका घेतली, बाकीची पानं उलटलीसुद्धा नाहीत. थेट शेवटचं पान, 'ए'वर बोट, मान हलवली, किल्ली दिली. तेव्हा मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. भारतातला मूळ परवानाही सोबत ठेवा. पुस्तिका एकटी चालत नाही, दोन्ही मागतात. पुस्तिकेची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते, म्हणून फार आधी काढण्यातही अर्थ नाही.

रस्त्याबद्दल काय सांगू! शाव्हेशच्या एका चौकात शून्य किलोमीटरचा दगड आहे, तिथे बाईकवाल्यांची फोटोसाठी रांग असते. एन-२ चं एक छोटं पासपोर्टसारखं पुस्तक मिळतं, त्यात वाटेतल्या गावांचे शिक्के घ्यायचे. हा रस्ता ३५ नगरपालिकांच्या हद्दीतून जातो. पर्यटन कार्यालयात, कधी एखाद्या कॅफेत, पुस्तक पुढे केलं की ठप्प, शिक्का. कोणी काही विचारत नाही. एका गावात कार्यालय जेवणासाठी बंद होतं, तर समोरच्या कॅफेतल्या बाईंनी रस्ता ओलांडून शिक्का आणून दिला. मी तिथे उभी राहून आमच्या खिडकीचा विचार करत होते.

दोरू नदीकाठी उतरताना दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या पायऱ्या आहेत. तिथे घाई करू नका. पेद्रोगाँव ग्रांदेच्या भागात मात्र गप्प व्हायला होतं. जून २०१७ मध्ये तिथल्या वणव्यात ६६ माणसं गेली. म्हणून उन्हाळ्यात तिथे आगीचे नियम कडक असतात आणि ते पाळायलाच हवेत. शेकोटी अजिबात नाही. चूलही फक्त कॅम्पिंगच्या जागेत, गॅसचीच. रानात कुठेही तंबू ठोकायचा विचारही करू नका. नगरपालिकांच्या कॅम्पिंगच्या जागा साध्या, स्वच्छ आणि स्वस्त असतात. एक माणूस, छोटा तंबू आणि बाईक मिळून मला बहुतेक ठिकाणी १० ते १५ युरो पडले, गरम पाण्याची अंघोळ धरून.

गॅसवरून आठवलं. विमानात गॅसचा डबा नेता येत नाही, तिथेच घ्यावा लागतो. पण तिकडच्या सुपरमार्केटात बऱ्याचदा दाबून बसवायचे डबे असतात आणि आपल्याकडे ट्रेकिंगला वापरतो ते बर्नर आट्याचे, म्हणजे स्क्रूसारखे फिरवून बसवायचे असतात. आट्याचे डबे मोठ्या शहरातल्या खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळतात. पोर्तू सोडायच्या आधीच घेऊन ठेवा. पुढे गावांत शोधत बसावं लागतं, आणि दुपारी दुकानं बंद, रविवारी तर विचारूच नका.

आलेंतेजूत शिरलं की हवा बदलते. मेच्या शेवटीच उन्हाने अंग भाजायला लागलं होतं; जुलै-ऑगस्टमध्ये तिथे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा जाऊ नका. विजेच्या खांबांवर करकोच्यांची घरटी, आणि दोन्ही बाजूंना बुचाच्या ओकची झाडं. त्यातल्या एका झाडाखाली मी जेवायला थांबले. खोड कमरेपासून खाली सोललेलं, लालसर तपकिरी, आणि त्यावर पांढऱ्या रंगाने मोठा '३' आकडा. जवळच्या शेतातल्या आजोबांनी बोटांवर मोजून समजावलं: २०२३ ला साल काढली, म्हणून ३. तेव्हापासून नऊ वर्षं या झाडाला कोणी हात लावणार नाही. झाड साधारण पंचवीस वर्षांचं झाल्यावर पहिल्यांदा सोलतात, आणि ते पहिलं बूच बाटलीला चालतच नाही. म्हणजे लावणाऱ्याला स्वतःच्या झाडाचं चांगलं बूच म्हातारपणीच बघायला मिळतं. त्यांनी मला ओंजळभर ऑलिव्ह दिले, मी त्यांना शेंगदाण्याची चिक्की दिली. भाषा कुणालाच कळत नव्हती, पण चिक्की पटकन संपली.

एकट्या बाईला तिथे भीती वाटते का, असं मैत्रिणी विचारतात. मला वाटली नाही. दिवस मोठा असतो, रात्री नऊपर्यंत उजेड. तरी मी पाचच्या आत तंबू लावायचे. आणीबाणीचा नंबर ११२, तो पोर्तुगाल-स्पेन दोन्हीकडे चालतो. कॅम्पिंगमध्ये स्वागतकक्षाच्या जवळची जागा मागून घ्या, देतात.

राहिलेलं थोडं: हेल्मेट घरून नेणार असाल तर ईसीई (युरोपातलं सुरक्षा मानक) शिक्क्याचंच न्या. पेट्रोल पंपावर हिरवी नळी पेट्रोलची आणि काळी डिझेलची. भरण्याआधी नळीवर लिहिलेलं वाचा. एक्स्त्रेमादुरात दोन पंपांमधलं अंतर लांब असतं, टाकी अर्ध्यावर आली की भरा. बाईक घेताना सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढा, पेट्यांच्या खालच्या बाजूसुद्धा. आणि अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात, त्याची मर्यादा आधी बँकेतून वाढवून घ्या. कार्ड बाईक चालवणाऱ्याच्या स्वतःच्या नावाचं लागतं. माझ्यासमोर एकाला परत पाठवलं, कारण कार्ड भावाचं होतं.