मेसमधली पोरं

भंवरकुआंच्या मागच्या गल्लीत माझी मेस आहे. कॉलेज आणि कोचिंगसाठी इंदूरला आलेली पोरं दोन्ही वेळ जेवायला येतात. कोणी बुऱ्हाणपूरचं, कोणी खरगोनचं, जळगावचं, मराठवाड्यातलं. आजकालच्या मुलांना कुणाचं काही पडलेलं नाही, हे वाक्य ऐकलं की मला 2016 आठवतं.

त्या वर्षी अंबाजोगाई तालुक्यातला एक मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होता. बोलताना अडखळायचा, 'प'वर तर फारच. हॉस्टेलवरची काही मुलं त्याला मुद्दाम 'पाणीपुरी' म्हणायला लावायची, मोबाइलवर शूट करून ग्रुपवर टाकायची. तोतऱ्या हेच त्याचं नाव पडलं होतं. मेसमध्ये तो मान खाली घालून जेवायचा. पोळी हवी असली तरी नुसतं बोट दाखवायचा.

थर्ड इयरच्या एका मुलीनं तो व्हिडिओ पाहिला आणि भरलं ताट तसंच ठेवून स्वयंपाकघरात आली. "काकू, हे थांबलं पाहिजे." त्या रात्री आठ-दहा जण जेवणं झाल्यावर बसून राहिले. मी भांडी आवरता आवरता ऐकत होते. एक जण म्हणाला, चला, दोन ठेवून देऊ. त्या मुलीनं त्याला तिथंच गप्प केलं. मग ठरलं ते असं: तो बोलत असताना त्याचं वाक्य कोणी पुरं करायचं नाही. कॉलेजला जाता-येता कोणीतरी बरोबर राहायचं. सीनियरांनी हॉस्टेलवर जाऊन व्हिडिओ काढून टाकायला लावायचे. आणि तक्रार करायची की नाही, हे त्याचं त्यानं ठरवायचं. या शेवटच्या गोष्टीचं मला फार कौतुक वाटलं, कारण मोठी माणसंही एवढा विचार करत नाहीत.

त्यानं तक्रार केली. 2009 च्या यूजीसीच्या नियमांत शब्दांनी छळणं हेही रॅगिंगच धरलं आहे. साक्षीदार म्हणून मेसमधल्या पोरांनी सह्या केल्या.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये दुष्काळामुळे मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीत 5 लाख लिटर. आम्ही सगळे टीव्हीसमोर. पग पग रोटी, डग डग नीर म्हणवणाऱ्या माळव्यात राहून आपल्यालाही पाणी जलूदहून, सत्तर किलोमीटरवरून, नर्मदेतून येतं. त्यासाठी 1970 मध्ये हे शहर रस्त्यावर उतरलं होतं, विद्यार्थीसुद्धा. लातूरची ती बातमी बघताना तो मुलगा बोलू लागला. विहीर आटली, वडिलांनी बैलं छावणीत नेली. सांगायला वेळ लागला. आमटी गार झाली, पण मध्ये कोणी बोललं नाही.

पैसे गोळा करू म्हटल्यावर तो म्हणाला, पैसे नकोत, हात पाहिजेत. पानी फाउंडेशनची वॉटर कप, म्हणजे पावसाचं पाणी अडवायला गावागावांनी श्रमदान करायची स्पर्धा, पहिल्यांदाच होत होती, वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत, 20 एप्रिल ते 5 जून. त्याचं गाव त्यात उतरलं होतं. ज्यांची परीक्षा संपली ती पोरं बसनं गेली. मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि आपली इंदुरी शेव बांधून दिली. तिकडे फक्कीनं रेषा आखून चर कुठं खणायचा, किती खोल, हे तोच सांगायचा आणि बाकीचे घमेली उचलायचे. व्हिडिओ काढणाऱ्यांपैकी कोणी गेलं नाही. एकानं मात्र बसभाड्याचे पैसे दिले. मी ते घ्यायला सांगितलं.

पहिला नंबर साताऱ्याच्या वेळू गावाचा आला. त्या मुलाच्या गावाला बक्षीस नाही. चर मात्र खणले गेले.

पोरांनी त्याला एकदाही बिचारा केलं नाही. कॅनडात नोव्हा स्कोशियामध्ये 2007 साली गुलाबी शर्ट घातला म्हणून एका मुलाला छळलं, तर बारावीच्या दोन मुलांनी पन्नास गुलाबी शर्ट आणून शाळेत वाटले. माझी पोरंही त्याच जातीची.

जुलैत नवे प्रवेश होतील. इंदुरात खोल्या देणाऱ्या, डबे करणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना एक विनंती. रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा नंबर 1800-180-5522 आहे, चोवीस तास चालतो. माझ्याकडे तो हात धुण्याच्या बेसिनवर लावलाय, त्या मुलीच्याच अक्षरात. तुमच्याकडेही लावा, आणि एखादं पोरगं पोळीसाठी नुसतं बोट दाखवत असेल तर त्याच्या शेजारी जरा बसा.