पावसाच्या नोंदी पायथन ३ वर : आठवडा तिसरा

आपल्या गटातल्या अकरापैकी सात जणांच्या, पावसाच्या नोंदींचा हिशेब करणाऱ्या स्क्रिप्ट (छोटे प्रोग्रॅम) पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जुन्या २ वरून नव्या ३ वर आल्या. गच्चीवरच्या पर्जन्यमापकाची नोंद आपण सगळेच सकाळी साडेआठला घेतो, पण मूळ स्क्रिप्ट प्रत्येकाने आपापल्या सोयीने वाढवली आहे, त्यामुळे एक दुरुस्त झाली म्हणून दुसरी सुटत नाही. जुन्या पायथन २.७ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० लाच संपला. यंदा पावसाळ्याआधी हे काम हातावेगळं करायचंच.

प्रिंटचे कंस, एक्सरेंज असे लिहिण्यातले वरवरचे बदल टू-टू-थ्रीने (जुना कोड नव्या रूपात बदलून देणाऱ्या साधनाने) झटक्यात उरकले. ३.१३ मध्ये ते साधनच काढून टाकलंय, म्हणून पायथन ३.११ वर चालवलं.

खरा वेळ भागाकाराने खाल्ला. पर्वतीच्या काकांच्या नोंदी पूर्ण मिलिमीटरमध्ये असतात. आठवड्याचा पाऊस ४५, भागिले ७ : पायथन २ मध्ये ६ यायचे, आता ६.४३ येतात. एरर कुठेच नाही. टू-टू-थ्री भागाकाराला हात लावत नाही, २.७ ला 'उणे तीन' हा पर्याय देऊन चालवलं, तेव्हा त्या ओळींवर इशारा आला. म्हणजे इतकी वर्षं सरासरी कमीच लागत होती. दुहेरी तिरकी रेघ (अपूर्णांक सोडून देणारा भागाकार) टाकून जुने आकडे राखता आले असते, पण मला ते पटेना. काकांना फोन केला. म्हणाले, "चुकलंय ना? मग सुधार. रोजच्या नोंदींची वही आहे माझ्याकडे."

औंधच्या स्क्रिप्टला राउंडने (आकडा पूर्णांकात बदलणाऱ्या आज्ञेने) दगा दिला. २.५ चे पूर्वी ३ व्हायचे, आता २ होतात, कारण नेमका अर्धा आला की पायथन ३ जवळच्या सम संख्येकडे जातं. हवामान खात्याच्या हिशेबात २.५ मिमी म्हणजे पावसाचा दिवस. तिथे आधी राउंड करून मग '३ किंवा जास्त' असे दिवस मोजले जात होते, त्यामुळे नेमके २.५ चे दिवस गळाले. आता मूळ आकडाच थेट २.५ शी ताडतो.

विंडोजवर आणखी एक गंमत दिसली. कोथरूडची फाइल विनातक्रार उघडली, पण ठिकाणाच्या नावाच्या जागी निव्वळ कचरा. 'पर्वती'ची फाइल मात्र उघडतानाच अडली : 'र्'च्या हलन्ताचा शेवटचा बाइट विंडोजच्या जुन्या अक्षर-तक्त्यात रिकाम्या घरात पडतो. फाइल उघडणाऱ्या प्रत्येक ओपन आज्ञेत एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) युटीएफ-८ असं स्पष्ट लिहिलं, दोन्ही सुटल्या.

उरलेल्या चौघांनी स्क्रिप्टला हात न लावता ती २०१९ च्या नोंदींसकट पाठवा. जुन्या आणि नव्या पायथनचे निकाल ओळीला ओळ लावून बघतो, मगच परत देतो.