बोर्डावर 'सोलर सेल', आणि लोक विचारायचे गिझरचा रेट

२०१७ ला कोल्हापुरात शाहूपुरीत तळमजल्यावर खोली भाड्यानं घेतली, बोर्ड लावला, तर लोक पाणी तापवायच्या सोलरचा रेट विचारत आत यायला लागले. सेल म्हणजे शीड हो, होडीचं असतंय तसलं, फक्त वाऱ्याच्या जागी ऊन. तसल्या यानांचे पृथ्वीजवळच्या लघुग्रहांपर्यंतचे रूट आम्ही काढून देतो. शेवटी बोर्डच काढला.

पार्टनर उद्यमनगरातला, सीएनसीचे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटाई मशीनचे प्रोग्राम लिहिणारा. त्याला लॅम्बर्ट (दोन जागा आणि मधला वेळ धरून यानाची वाट काढायचं नेहमीचं गणित) माहीत नव्हता आणि ते बरंच झालं, कारण शिडाला लॅम्बर्ट लागूच होत नाय, रेटा रोजचा आणि चिमूटभर, शिवाय सूर्याकडं तर कधीच नाय. तो म्हणाला, "टूल एकाच बाजूनं येणार न्हवं? मग जॉब फिरवून लावू की." शिडाचा कोन दिवसागणिक ठरवणारा आमचा पहिला कोड असा जन्मला, अजून तोच चालतोय, वरनं ठिगळं लई.

आता २०१९ चं सांगतो. जुलैत लाइटसेल २ या यानाचं ३२ चौरस मीटरचं शीड अवकाशात उघडलं, आम्ही पेढे वाटले, आणि त्याच आठवड्यात सहा महिने घासलेलं परदेशातलं काम गेलं. दुसऱ्या शहरातल्या एका फर्मनं (नाव घेत नाय) आमच्यापेक्षा पाच महिने आधी पोचणारा रूट दाखवला, झकपक ॲनिमेशनसकट. कसा? शीड म्हणजे सपाट, शंभर टक्के आरसा धरला! आम्ही ॲल्युमिनियमची परावर्तकता ०.८८ धरतो, म्हणजे शंभरातलं अठ्ठ्याऐंशी ऊनच परत फेकलं जातं, शीड फुगतं ते धरतो, आणि खऱ्या शिडावरचा जोर बरोब्बर काटकोनात लागत नाय तेपण. पृथ्वीपाशी आदर्श आरशावर दाब किती, तर चौरस मीटरला ९ मायक्रोन्यूटन, त्यातले दहा टक्के हवेत सोडले की दोन वर्षांच्या प्रवासात केवढा घोळ होतो ते तुम्हाला काय सांगायचं. पण गिऱ्हाइकाला तारीख दिसते, गुणांक दिसत नाय.

वर ऑगस्टमध्ये पंचगंगा आत आली. दोन मशीन पाण्यात, वह्यांचा लगदा. कोड वाचला तो पार्टनरमुळं, त्याचा माझ्या बॅकअपवर कधीच विश्वास नव्हता म्हणून एक पेनड्राइव्ह वर्कशॉपच्या ड्रॉवरमध्ये ड्रिलच्या डब्यात टाकून ठेवलेला. त्या वर्षी एकच गिऱ्हाईक टिकलं, युरोपातले एक प्राध्यापक, छोटी कामं, पण पैसे आगाऊ आणि मेलची पहिली ओळ "पाणी उतरलं का?"

नवीन पोरांना सांगतो, सुरुवातीचा अंदाज म्हणून शीड ३५ अंश कलतं ठेवा, आडवा रेटा तिथंच जास्त. आणि एकाच लघुग्रहावर कोटेशन देऊ नका. नासाच्या एनईए स्काउट या शिडाच्या यानाला आधी १९९१ व्हीजी हा लघुग्रह ठरलेला, लाँच लांबलं आणि त्याच्या जागी २०२० जीई आला. नोव्हेंबर २०२२ ला यान उडालं, पण संपर्कच झाला नाय, ते ८६ चौरस मीटरचं शीड उघडलेलं कुणी बघितलंच नाय. ॲडव्हान्स घ्या, पन्नास टक्के तरी.

तर ते गेलेलं गिऱ्हाईक दीड वर्षानं परत आलं, म्हणे त्या रूटची खऱ्या शिडावर तपासणी करून द्या. दिली. यान पोचतं तेव्हा लघुग्रह कधीच पुढं गेलेला. बिल पूर्ण लावलं, एक रुपया सोडला नाय, पार्टनर नको म्हणत होता तरी. त्या फर्मच्या साइटवर ते ॲनिमेशन अजून फिरतंय, जुन्याच तारखेसकट.